बांधावरच्या आंब्यावरील सीतेची वेणी : घरी कशी जगवावी?



या पत्रिकेतून आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया, हुमणी याच विषयांवर लिहीत असतो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. त्याला कारण असे, की ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना तोडलेल्या आंब्याच्या फांद्यांबरोबर ट्रॉलीत पडलेली, चुलीला नाहीतर वीटभट्टीला चाललेली सीतेची वेणी आम्हांला वारंवार दिसू लागली. काही सभासद ती हौसेने उचलून घरी नेतात. पण त्यातली बहुतेक रोपे वर्षाच्या आत मरतात. मग गावात एकच बोलणे होते, "ते झाड रानातच जगतंय, घरी येत न्हाई."

ही समजूत खरी नाही. सीतेची वेणी घरी जगते, वाढते आणि दरवर्षी फुलते. ती मरते ती बहुतेक वेळा अतिकाळजीने मरते. आपण ऊसवाले. जे हाती येईल त्याला माती, पाणी आणि खत द्यायचे, हा आपल्या हाताला लागलेला वळसा. या झाडाला माती नकोच आहे, खत नावापुरते हवे आहे, आणि पाणी द्यायचे ते पुन्हा लवकर सुकेल असे द्यायचे आहे. एवढे ध्यानात आले की अवघड असे काही उरत नाही. ते कसे करावयाचे हे पुढे क्रमाने दिले आहे.

हे बांडगूळ नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंबा साफ करावयाचा म्हणून गडी झाडावर चढतो आणि फांदीवर जे जे उगवले आहे ते सगळे बांडगूळ म्हणून कोयत्याने उतरवतो. "सायेब, बांडगूळच की हे, आंबा खातंय," असे आम्हांला अनेकांनी सांगितले आहे.

बांडगूळ आणि सीतेची वेणी यांत फरक आहे, आणि तो खालून बघूनही ओळखता येतो. बांडगूळ झुडपासारखे वाढते, त्याला लाकडी फांद्या असतात आणि ते जेथे आंब्याला चिकटते तेथे फांदीला गाठ येते. त्याचा शोषक अवयव सालीतून आत लाकडात शिरतो आणि झाडाचे पाणी व क्षार ओढून घेतो. त्यामुळे पुढची फांदी वाळत जाते. ते काढलेच पाहिजे, तेही गाठीसकट.

सीतेच्या वेणीला लाकडी फांदी नसते. जाड, लांबट, मधोमध पन्हळीसारखी खोलगट पाने दोन बाजूंना ओळीने येतात आणि खालून करंगळीएवढ्या जाड, पांढुरक्या मुळ्या सालीवर पसरलेल्या दिसतात. या मुळ्या फक्त साल धरून राहतात. लाकडात शिरत नाहीत, आंब्याचा रस घेत नाहीत. सालीवरून वाहणारे पावसाचे पाणी, त्यात विरघळलेली धूळ व कुजलेला पाला आणि हवेतला ओलावा यांवर हे झाड जगते. आंबा हे त्याचे घर आहे, अन्न नव्हे. तेव्हा आंबा साफ करताना बांडगूळ जरूर काढावे, पण वेणी तेथेच राहू द्यावी.

ओळख

या झाडाला आपल्याकडे सीतेची वेणी म्हणतात, काही ठिकाणी गजराही म्हणतात. ऑर्किड म्हणजेच आमरीच्या कुळातले हे झाड. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. फुलाच्या मधल्या दांड्याला चोचीसारखे टोक असते म्हणून पहिला शब्द, आणि पानाचे टोक निमुळते नसून बोथट, कातरल्यासारखे असते म्हणून दुसरा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात जुन्या आंब्यावर, फणसावर, जांभळावर ते आढळते. घाटाच्या पायथ्याच्या आपल्या गावांतूनही ओढ्याकाठच्या रायवळ आंब्यांवर ते टिकून आहे.

वळवाचे पाऊस सुरू झाले की मे-जूनमध्ये पानांच्या बेचक्यातून फूट-दीड फूट लांबीचा तुरा निघून खाली लोंबतो. त्यावर पांढरी, जांभळट-गुलाबी ठिपक्यांची लहान फुले इतकी दाट बसतात की दांडा दिसत नाही. चांगल्या पोसलेल्या तुऱ्यावर शंभरावर फुले मोजता येतात. मंद वास असतो. वेणी हे नाव ज्याने कोणी दिले त्याने बघूनच दिले असले पाहिजे.

हे झाड काही केवळ आपल्याच भागातले नाही. मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने तिकडच्या वनस्पतींवर 'होर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्याच्या १६९३ साली छापलेल्या शेवटच्या खंडात याचे चित्र आहे. पुढे १७५३ साली लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले, ते आजच्या नावाहून निराळे होते, पण त्यातला बोथट पानाचा शब्द कायम राहिला. आसाममध्ये याला कोपौ फूल म्हणतात. एप्रिलमधील बोहाग बिहूच्या सणात तिकडच्या मुली नाच करताना हेच तुरे अंबाड्यात माळतात. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांनी त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. आपले राज्यफूल ताम्हण आणि राज्यवृक्ष आंबा. तेव्हा त्या दोन राज्यांचे मानाचे फूल आपल्या मानाच्या झाडावर राहते, असे म्हणावयास हरकत नाही.

मुळी समजली की झाड समजले

आता मुख्य मुद्दा. रोप का मरते?

उसाची मुळी मातीत असते. मातीच्या कणांत पाणी साठते, मुळी ते सावकाश ओढते. वेणीची मुळी उघड्यावर असते. तिच्याभोवती मृत पेशींचे, टीपकागदासारखे पांढरे आवरण असते. पावसाची सर आली की हे आवरण भराभर पाणी पिते आणि पारदर्शक होते. त्यामुळे आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. पाऊस थांबून वारा लागला की आवरण पुन्हा सुकते आणि मुळी चांदीसारखी पांढरी दिसते. आतली मुळी हिरवी असते, म्हणजे पानासारखे तीही उन्हात थोडे अन्न तयार करते. अशा मुळीला हवा आणि उजेड दोन्ही लागते.

ही मुळी कुंडीत घालून वर माती दाबली की काय होईल? आवरण भिजते, पण सुकत नाही. हवा मिळत नाही. आठ-पंधरा दिवसांत मुळी तपकिरी आणि मऊ पडते, दाबली की सालपट हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. मुळी गेली की पाने सुरकुततात. पाने सुरकुतलेली बघून घरचे लोक म्हणतात पाणी कमी पडले, आणि आणखी पाणी घालतात. येथे झाड संपते.

पाणथळ रानातल्या उसाचे दुखणे याहून फार निराळे नाही. चर बुजलेल्या, पाणी साचणाऱ्या काळ्या रानात ऊस पिवळा पडतो. तो पाण्यावाचून पिवळा पडत नाही, मुळीला हवा नाही म्हणून पडतो. उसाची मुळी हा त्रास काही दिवस सोसते. वेणीची सोसत नाही, एवढाच काय तो फरक.

उसाचा आणि वेणीचा एक दूरचा संबंध

सभासदांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. ऊस हवेतला कार्बन वायू कसा घेतो याचा शोध उसावरच लागला. हवाई बेटांवर उसाचे संशोधन करणाऱ्यांनी १९६५ साली आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेतील हॅच व स्लॅक या दोघांनी १९६६ साली दाखवून दिले, की ऊस हा वायू आधी चार कार्बनच्या आम्लात बांधतो आणि मग पानाच्या आतल्या दुसऱ्या पेशींत नेऊन त्याची साखर करतो. या पद्धतीमुळेच ऊस भर उन्हात इतर पिकांपेक्षा जोमाने वाढतो.

झाडावर राहणाऱ्या जाड पानांच्या अनेक ऑर्किडांतही वायू आधी आम्लातच बांधला जातो, पण रात्री. दिवसा पानावरची छिद्रे मिटलेली असतात, म्हणून पाणी उडत नाही. रात्री गारव्यात ती उघडतात, वायू आत घेऊन आम्ल साठवतात, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात छिद्रे मिटून त्याची साखर करतात. म्हणजे ऊस जे काम दोन जागी करतो तेच काम ही झाडे दोन वेळी करतात. ऊस घाई करतो, कारण त्याच्या बुडाशी पाणी आहे. फांदीवरच्या झाडाला पाण्याचा भरवसा नाही, म्हणून ते काटकसरीने, सावकाश वाढते. ही सावकाशी त्याचा रोग नव्हे, स्वभाव आहे. युरियाने ती बदलत नाही.

रोप कोठून आणावे

जंगलातून आणू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. राखीव वनातून रोप उचलणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. राधानगरी, चांदोली, कोयना आणि कास हे भाग २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहेत. शिवाय जिवंत फांदीवरून ओरबाडून काढलेल्या रोपाच्या निम्म्याहून जास्त मुळ्या सालीवरच तुटून राहतात. असे रोप घरी आणून मरणारच. "घरी येत नाही" हा बोभाटा झाला तो बराचसा अशाच रोपांमुळे.

दोन रास्त मार्ग आहेत. पहिला, आपल्या बांधावरचे झाड वादळाने पडले किंवा रीतसर परवानगी घेऊन तोडले, तर त्यावरील रोपे सोडवून घेणे. दुसरा, बियांपासून रोपे तयार करणाऱ्या रोपवाटिकेतून विकत घेणे.

या बियांची हकिकत आपल्या धंद्याशी जुळणारी आहे. वेणीच्या एका शेंगेत धुळीसारखे बारीक असंख्य बी असते, पण त्या बियांत गव्हा-ज्वारीसारखा अन्नाचा साठा मुळीच नसतो. निसर्गात एक विशिष्ट बुरशी बियांत शिरते आणि त्याला अन्न पुरवते, तेव्हाच ते उगवते. ऑर्किडच्या रोपाचे आणि बुरशीचे हे नाते फ्रान्समध्ये नोएल बेर्नार याने १८९९ साली ओळखले. पुढे १९२२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नडसन यांनी दाखवले, की निर्जंतुक बाटलीत क्षारांबरोबर साखर दिली तर बुरशीशिवायही बी उगवते. बुरशी जे पुरवत होती त्यातला मोठा भाग म्हणजे साखरच होती. आज जगभर बाटलीत ऑर्किडची रोपे होतात ती या साखरेवर. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधील ऊतिसंवर्धित ऊस रोपे आपल्यापैकी काहींनी लावली आहेत. तीही बाटलीत असताना साखरेच्याच खाद्यावर वाढलेली असतात.

बांधणी

पडलेल्या फांदीवर रोप असेल तर सर्वात चांगले म्हणजे ते सोडवूच नये. करवतीने फांदीचा तेवढाच तुकडा कापून जसाच्या तसा घरी न्यावा. तुकडा फार मोठा असेल तर मुळ्यांसह साल तासून काढावी. अगदीच जमले नाही तर ओल्या फडक्याने मुळ्या भिजवाव्यात, तासाभराने त्या मऊ पडतात, मग बोथट सुरीने सालीपासून अलगद सोडवाव्यात. मेलेल्या, पोकळ मुळ्या स्वच्छ ब्लेडने कापाव्यात. ब्लेड आधी ज्योतीवर धरून घ्यावे.

बांधावयाचे लाकूड खडबडीत आणि साल न सोडणारे असावे. आंबा, फणस, बाभूळ, साग यांचे सालीसकट वाळलेले ओंडके चांगले. पेरू आणि निलगिरी नको, कारण त्यांची साल दरवर्षी सुटते आणि सालीबरोबर मुळीही सुटते. नारळाचा काथ्या किंवा सोडणाचा ठोकळा पुष्कळ जण वापरतात. पण आपल्या पावसात तो आठवडा आठवडा ओला राहतो आणि लवकर कुजतो. लाकूड बरे.

वेळ साधावी ती जूनची, फुले ओसरल्यानंतर. मुळीच्या टोकाला हिरवट, ओलसर चकाकी दिसू लागली म्हणजे नवी मुळी चालू झाली. त्या वेळी बांधलेले रोप महिना-दोन महिन्यांत लाकूड धरते. दिवाळीनंतर बांधले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत नुसते लोंबत राहते.

रोप लाकडावर ठेवून सुतळीने किंवा सुती पट्टीने घट्ट बांधावे. हलता कामा नये. हलले की मुळीचे कोवळे टोक घासून मरते. तांब्याची तार वापरू नये, ती मुळीला बाधते. रोपाचा शेंडा सरळ आकाशाकडे न ठेवता किंचित कडेला व खाली झुकता ठेवावा. त्यामुळे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. मुळ्यांवर माती, शेण, प्रेसमड, शेवाळ यांतले काहीही थापू नये. उघड्या दिसतात म्हणून जीव वरखाली होतो, पण उघड्याच राहू द्याव्यात.

परसात आंबा किंवा फणस असेल तर लाकूड तरी कशाला? सरळ त्याच्या खोडावर, पूर्वेच्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर बांधावे. जिवंत झाडासारखी दुसरी जागा नाही.

उजेड

दिवाणखान्यात हे झाड शोभेसाठी ठेवू नये. सकाळचे ऊन दोन-तीन तास आणि नंतर विरळ सावली, ही त्याची जागा. पूर्वेकडची पडवी, ओसरीची कड, गोठ्याच्या वळचणीची कड चालते. वारा खेळता पाहिजे. उजेड बरोबर आहे की नाही हे पान सांगते. पान गडद हिरवे आणि लुसलुशीत दिसले तर उजेड कमी, झाड वाढेल पण फुलणार नाही. पान पोपटी-पिवळसर हिरवे व ताठ असले तर बरोबर. पानावर करडे, वाळके चट्टे पडले तर ऊन जास्त. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाला आडोसा करावा.

पाणी

येथेच खरी परीक्षा आहे. नियम एकच. सकाळी पाणी द्यावे, मुळी पांढरीची हिरवी होईपर्यंत, आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा पांढरी झाली पाहिजे. झाली नाही तर जागेला वारा कमी आहे, जागा बदलावी. रात्री छिद्रे उघडतात त्या वेळी पाने कोरडी असावीत, म्हणून संध्याकाळचे पाणी टाळावे.

उन्हाळ्यात रोज सकाळी, आणि हवा फारच कोरडी असेल तर दुपार टळल्यावर लगेच आणखी एकदा मुळ्यांवर हलका फवारा. पावसाळ्यात उघड्यावर टांगलेल्या रोपाला काहीच द्यावयास नको. चार-चार दिवस झड लागली तरी भिऊ नये, वारा असतो आणि पाणी निथळते. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड एकदा. त्या काळात वाढ थांबलेली असते, तिला थांबू द्यावे.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे. आपल्या बागायती पट्ट्यातील अनेक विहिरींना आणि बोअरला क्षार आहेत. ज्या पाण्याने भांड्याला पांढरा थर धरतो त्या पाण्याने मुळीच्या आवरणावरही थर धरतो आणि ते आवरण पाणी प्यायचे थांबते. पावसाळ्यात पत्र्यावरून येणारे पाणी, पहिल्या एक-दोन सरी जाऊ देऊन, झाकणाच्या पिंपात धरून ठेवावे. चार-पाच रोपांना दिवसाला तांब्याभर पाणी पुष्कळ होते. दोनशे लिटरचे एक पिंप बराच काळ पुरते.

खत

आडसाली उसाला आपण हेक्टरी ४०० किलो नत्र देतो. तो हात येथे आवरला पाहिजे. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम, जून ते सप्टेंबर या वाढीच्या काळात पंधरा दिवसांतून एकदा, आधी मुळ्या साध्या पाण्याने भिजवून मग फवारावे. ऑक्टोबरनंतर बंद करावे. युरिया, शेणाची रबडी, गोमूत्र यांतले काहीही नेमाने देण्याची गरज नाही.

एक सूचना मात्र ठळक करून सांगतो. उसात टू-फोर-डी किंवा दुसरे तणनाशक मारलेला पाठीवरचा पंप, कितीही धुतलेला असला तरी, या झाडाला वापरू नये. एक वेगळी हातफवारणीची बाटली घ्यावी.

कीड व रोग

पानाच्या खालच्या बाजूस खवले कीड आणि बेचक्यात पिठ्या ढेकूण बसतो. दोन-चार रोपांना औषधाची गरज नाही, ओल्या बोळ्याने पुसून काढावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. मुंग्यांची रांग लागली असेल तर कीड आहेच असे समजावे. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन मुळ्यांची कोवळी टोके खातात. बॅटरी घेऊन वेचाव्यात. शेंडा काळा पडून वास येऊ लागला तर तो पाणी साचल्याचा कुजवा होय. सडका भाग चांगल्या भागापर्यंत कापून रोप आठवडाभर कोरडे, वाऱ्यावर ठेवावे. बाजूने कोंब फुटण्याची शक्यता असते, म्हणून लगेच फेकून देऊ नये.

एका आंब्यावरची चार रोपे

आमच्या पश्चिमेकडील गटातील एका सभासदाच्या बांधावरचा जुना रायवळ आंबा वळवाच्या वादळात पडला. त्यावर वेणीची चार रोपे होती. तोड चालू असताना त्यांनी शेतकी विभागाकडे निरोप पाठवला. पुढे त्या चार रोपांचे जे झाले ते एखाद्या प्रात्यक्षिक प्लॉटासारखेच झाले.

दोन रोपे फांदीच्या तुकड्यांसह पडवीच्या पूर्वेकडील वाशाला टांगली. एक परसातल्या फणसाच्या खोडाला सुतळीने बांधले. चौथे त्यांच्या थोरल्या भावाने मागून घेतले. "असं उघडं ठेवून कुठं झाड जगतंय व्हय?" असे म्हणून त्यांनी ते रंगाच्या रिकाम्या डब्यात, माती आणि प्रेसमड निम्मे निम्मे घालून लावले आणि रोज संध्याकाळी पाणी घातले.

डब्यातले रोप पहिला महिनाभर सर्वांत हिरवे दिसत होते. दसऱ्याला त्याच्या मुळ्या काळ्या झाल्या आणि दिवाळीत ते गेले. बाकीच्या तिघांची निगा घरातल्या वहिनींनी पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर केली. पहिल्या वर्षी वर काहीच दिसले नाही, उलट खालची दोन-दोन पाने पिवळी पडून गळाली. पण मुळ्यांना नवी टोके फुटली होती. दुसऱ्या वर्षी प्रत्येकी दोन-तीन पाने आली. तिसऱ्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस फणसावरच्या रोपाला दोन आणि पडवीतल्या एकाला एक तुरा आला. थोरले बंधू रोज सकाळी चहा घेऊन फणसाखाली उभे राहत, असे वहिनी सांगत होत्या. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याकाठची एक फांदी पडली, तेव्हा तिच्यावरचे रोप त्यांनी स्वतःच सुतळीने बांधले. डबा आता कोंबड्यांच्या पाण्याला आहे.

यातून घ्यावयाचे ते हे, की पहिल्या वर्षी पानांकडे पाहू नये, मुळीकडे पाहावे. नवी मुळी चालू असेल तर रोप चांगले आहे. खालचे एखादे पान गेले म्हणून औषध-पाण्याची धावपळ करू नये. आणि एकदा जागा ठरली की ती वारंवार बदलू नये. हे झाड हलवाहलवीवर रुसते.

बांधावरची झाडे

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. घरी चार रोपे जगवली म्हणजे शिवारातली वेणी राहिली असे होत नाही. तिला खरे घर म्हणजे जुने झाड. तोडणी यंत्राला वळण घ्यायला अडचण, सावलीने दोन सरी मारतात, रस्ता रुंद करावयाचा आहे, अशा कारणांनी बांधावरचे मोठे आंबे एकेक करून जात आहेत. नवीन कलम लावले तरी त्याच्या सालीवर वेणी बसायला पुष्कळ वर्षे जावी लागतात. बी वाऱ्याने येणार, त्याला योग्य ती बुरशी भेटणार, मग मुळी धरणार. हे आपल्या हातचे नाही.

जे हातचे आहे ते असे. तोडणीनंतर पाचट पेटवू नये. खोडव्याला त्याचा काय फायदा आहे हे आम्ही या पत्रिकेतून वेळोवेळी लिहिले आहेच. त्यात एवढी भर घालतो, की पेटत्या पाचटाची धग बांधावरच्या आंब्याला लागते तेव्हा आंबा एखादे वेळी सावरतो, पण सालीवरची उघडी मुळी भाजून निघते. तणनाशक फवारताना वारा बांधाकडे असेल तर थांबावे. आंबा साफ करताना गड्याला बांडगूळ आणि वेणी यांतला फरक खालूनच दाखवून द्यावा. आणि झाड काढणे भागच असेल तर करवत लावण्यापूर्वी एकदा वर पाहावे.

ज्या सभासदांच्या बांधावर अशी झाडे आहेत त्यांनी ती आपल्या गट ऑफिसात तोंडी कळवली तरी चालेल. तोडीची वेळ आल्यास आमचा माणूस येऊन रोपे सोडवून देईल, आणि ज्यांच्या परसात आंबा-फणस आहे व ज्यांना हौस आहे अशा सभासदांच्या घरी ती बांधता येतील. वेळ जूनची धरावी. त्या सुमारास आडसालीची रानबांधणी चालू असते, हे आम्हांलाही माहीत आहे. पण रोप बांधायला अर्धा तास आणि एक वाव सुतळी पुरते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग